आलेखाला सुई-दोरा

नववी-दहावीतलं मूल घरात असलं की आईच्या कानांवर काही शब्द सारखे पडत असतात. 'आलेख' हा त्यातलाच एक. आलेख कागद संपले, आलेख चुकला, आलेखाचे मार्क गेले! खरं पाहता बीजगणितात डोळ्यांना दिसण्यासारखा हा एवढाच भाग. बाकी सगळी अक्षरांची आणि चिन्हांची लढाई. तरीही मुलं बिचकतात ती यालाच. माझ्या मते त्याचं कारण अगदी साधं आहे. समीकरण घेतलं, तक्ता केला, तीन बिंदू मांडले, पट्टी ठेवून रेघ ओढली. आणि मग? मग पुढचं समीकरण. त्या रेघेचं पुढे काहीच होत नाही. पोळ्या लाटत बसायचं आणि जेवायला कुणी नाही, असा तो प्रकार.

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. विषय मराठी आणि कार्यानुभव. पण बी. ए.ला माझा एक विषय गणित होता, त्यामुळे गणिताच्या बाई रजेवर गेल्या की नववीचे तास हमखास माझ्या वाट्याला येतात. गेल्या वर्षी असे सलग तीन आठवडे आले, आणि नेमके आलेखाचे. त्या तीन आठवड्यांत सुई, दोरा आणि लग्नाच्या जुन्या पत्रिका एवढ्या सामग्रीवर वर्गात जे घडलं, ते घरीही सहज करता येण्यासारखं आहे, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ज्या मैत्रिणींचं गणित शाळेतच राहून गेलं त्यांच्यासाठी दोन शब्द. मेथी आणि पालक मिळून ११ जुड्या आणायच्या आहेत. मेथीच्या ३ घेतल्या तर पालकाच्या ८, मेथीच्या ५ तर पालकाच्या ६. मेथीला क्ष म्हणा, पालकाला य म्हणा, की झालं समीकरण: क्ष + य = ११. (नव्या पुस्तकांत एक्स आणि वाय असतात. मी आपली जुन्या सवयीने क्ष-य म्हणते, मुलांना ते फार विनोदी वाटतं.) आता चौकडीच्या कागदावर आडव्या रेघेवर मेथी मोजायची आणि उभ्या रेघेवर पालक. प्रत्येक जोडीचा एक ठिपका. सगळे ठिपके एका सरळ ओळीत येतात, म्हणून हे रेषीय समीकरण. आडवी रेघ आणि उभी रेघ यांच्या मदतीने बीजगणित आणि भूमिती यांची गाठ घालण्याची ही कल्पना रने देकार्त या फ्रेंच माणसाच्या १६३७ सालच्या पुस्तकातून पुढे आली. नववीत मुलं हे शिकतात, आणि २०१८ साली आलेल्या दहावीच्या बीजगणिताच्या पुस्तकात तर पहिलंच प्रकरण दोन चलांतल्या रेषीय समीकरणांचं आहे. म्हणजे इथं पाय घसरला की दहावीची सुरुवातच घसरगुंडीवर.

आता सुई-दोऱ्याकडे वळते. ही युक्ती माझी नाही. ती एका विधवा बाईची आहे, आणि तिची हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

मेरी एव्हरेस्ट बूल हे तिचं नाव. जन्म १८३२चा, इंग्लंडमधला. एव्हरेस्ट हे आडनाव ओळखीचं वाटलं ना? हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट, ज्यांचं नाव त्या शिखराला दिलं, ते तिचे सख्खे काका. तिचे यजमान जॉर्ज बूल हे नामांकित गणिती. आजच्या संगणकाच्या आत जे 'हो-नाही'चं तर्कशास्त्र चालतं त्याला त्यांचंच नाव आहे. १८६४ साली ते अचानक गेले, तेव्हा मेरीबाई बत्तिशीच्या होत्या आणि पदरात पाच मुली. धाकटी तर तान्ही. बाईंनी लंडनच्या क्वीन्स कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी धरली आणि मुलांना गणित कसं गोडीनं शिकवावं याचा ध्यास घेतला. पुढे त्यांची एक मुलगी, अ‍ॅलिशिया, कॉलेजाचं तोंडही न पाहता चार मितींच्या भूमितीत नाव काढून गेली, दुसरी ल्यूसी रसायनशास्त्रात चमकली आणि तान्ही होती ती एथेल कादंबरीकार झाली.

तर या मेरीबाईंच्या लहानपणी बाजारात जाड कागदाची कार्डं मिळत. त्यांच्या कडेने भोकं पाडलेली असायची. दोन कार्डं शिवून सुयांची पाकिटं आणि टाचण्यांच्या गाद्या करायच्या आणि वरून चित्र रंगवायचं. मेरीला चित्र काढता येत नसे. तिनं त्या भोकांतून रेशमाचे दोरे आरपार ओढायला सुरुवात केली आणि पाहते तो काय, सगळे दोरे सरळ, पण मधे एक सुरेख वळण आपोआप उमटलेलं! म्हातारपणी, १९०४ साली, तिनं मुलांच्या विज्ञानाच्या तयारीवर एक छोटं पुस्तक लिहिलं, त्यात ही हकिगत आहे. तेव्हापासून या कार्डांना बूल कार्ड म्हणतात.

चित्र येत नाही म्हणून हाती सुई घेतलेली मुलगी. मला ती फार जवळची वाटते.

आता कृती. जाड लग्नपत्रिकेचा कोरा भाग घ्या. प्रत्येक घरात त्यांचा गठ्ठा असतोच, टाकवत नाही आणि कामाला येत नाही. त्यातून १२ सेंटिमीटरचा चौरस कापा. डाव्या आणि खालच्या कडेपासून एक-एक सेंटिमीटर सोडून पेन्सिलीने एक उभी आणि एक आडवी रेघ आखा; त्या जिथं छेदतात तो आरंभबिंदू. तिथून दोन्ही रेघांवर एकेका सेंटिमीटरवर दहा-दहा खुणा करा आणि दाभणाने भोकं पाडा. खाली जुनी सतरंजी किंवा थर्मोकोलचा तुकडा ठेवावा, म्हणजे टेबलाला इजा नाही. भरतकामाचा दोरा दोन पदरी, सव्वा मीटर पुरतो. मी मोजून पाहिलं आहे: वरच्या बाजूचे दहा दोरे मिळून साधारण ८७ सेंटिमीटर होतात, मागचे टाके ९, उरलेला गाठीला आणि धांदरटपणाला.

टाका असा. आडव्या रेघेवरच्या पहिल्या भोकातून सुई वर काढा, उभ्या रेघेवरच्या दहाव्यात खाली घाला. मागच्या बाजूने शेजारच्या नवव्यात या, तिथून वर निघून आडव्या रेघेच्या दुसऱ्यात जा. मागून तिसऱ्यात, वरून आठव्यात. असं करत शेवटी आडवं दहावं आणि उभं पहिलं. मागे एकेका सेंटिमीटरचे नऊ टाके तेवढे दिसले पाहिजेत. लांब टाका दिसला की समजावं, कुठंतरी उडी चुकली.

इतकं केलं तर ते झालं हस्तकलेचं काम. मुलं सांगितल्याप्रमाणे मोजत जातात, कार्ड सुंदर होतं, घरी भिंतीवर लागतं आणि बीजगणित होतं तिथंच राहतं. म्हणून माझ्या वर्गात एकच कडक नियम होता: आधी समीकरण, मग सुई.

दहा दोऱ्यांची दहा समीकरणं मी चिठ्ठ्यांवर लिहून आणली आणि चिठ्ठ्या पिसून दिल्या. ८क्ष + ३य = २४, ५क्ष + ६य = ३०, १०क्ष + य = १०, अशी आगापिछा नसलेली. प्रत्येकात य शून्य धरून आडवं भोक शोधायचं, क्ष शून्य धरून उभं भोक. ८क्ष + ३य = २४ मध्ये य शून्य धरला की क्ष ३, आणि क्ष शून्य धरला की य ८. म्हणजे आडवं तिसरं आणि उभं आठवं. दहाही चिठ्ठ्या सोडवून झाल्या की भोकांच्या जोड्या क्रमाने लावायच्या आणि मगच सुई ओवायची. यात एक मोठीच सोय झाली. कुणाचं उत्तर चुकलं असेल तर एका भोकात दोन दोरे यायला लागतात आणि दुसरं एखादं भोक उपाशी राहतं. मला लाल पेन घेऊन हिंडावंच लागलं नाही. "बाई, माझं सातवं रिकामंच राहतंय," असं म्हणत मुलं आपण होऊन चिठ्ठ्या उलगडून चूक शोधायला बसली.

पुस्तकात तीन बिंदू घ्या असं का सांगतात, याचंही उत्तर इथं मिळतं. रेघ ओढायला दोन पुरतात. तिसरा असतो साक्षीदार. मी म्हटलं, दोन भोकांच्या निम्म्यावर क्षची किंमत धरा आणि य काढा. ८क्ष + ३य = २४ मध्ये क्षला १.५ धरला की य येतो ४. तो ठिपका शिवण्याआधीच कार्डावर पेन्सिलीने द्यायचा. दोरा त्याच्यावरून गेला तर हिशेब बरोबर. असे दहा ठिपके झाले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, हे ठिपके तर एका ओळीत आलेत." पट्टी लावून पाहिलं, खरंच! फळ्यावर सगळ्यांच्या जोड्या मांडल्या: ०.५ आणि ५, १ आणि ४.५, १.५ आणि ४. प्रत्येकाची बेरीज साडेपाच. म्हणजे दहा दोरे दहा दिशांना गेलेले, पण त्यांचे मध्य मात्र क्ष + य = ५.५ या एकाच रेषेवर. मुलांनी लगेच तिथं लाल दोऱ्याचा अकरावा टाका घातला. हे काही मी ठरवून आणलेलं नव्हतं, बरं का.

आणखी एक गंमत म्हणजे समीकरणांच्या उजव्या बाजूचे आकडे. क्रमाने लावले की १०, १८, २४, २८, ३०, आणि पुन्हा ३०, २८, २४, १८, १०. चढले तसेच उतरले. ११ चे दोन भाग करून गुणाकार केला तर तो मधल्या भागांचा सर्वांत मोठा येतो, हे मुलांना त्या आकड्यांत आपोआप दिसलं. दहावीची तयारीही यातच होते. मधले दोन दोरे घ्या: ६क्ष + ५य = ३० आणि ५क्ष + ६य = ३०. ते एकमेकांना कुठे छेदतात? दोन्ही मिळवा, मग एकातून दुसरं वजा करा. वजाबाकीत क्ष आणि य सारखे निघतात आणि दोघांची किंमत येते ३० भागिले ११, म्हणजे साधारण २.७. पट्टीने मोजा, तिथंच ते भेटलेले असतात. आणि दोऱ्यांनी मिळून जे वळण धरलेलं दिसतं त्याला अन्वस्त म्हणतात. ते अकरावीला भेटेल. आत्ता नाव सांगून सोडून द्यावं.

ऋण संख्यांचा घोळ मिटवायला मी चौघा-चौघांचे गट केले. प्रत्येकाकडे एकेक चरण. दुसऱ्या चरणवाल्याचा आरंभबिंदू उजव्या खालच्या कोपऱ्यात, त्याची आडवी भोकं उणे एक, उणे दोन अशी. त्याच्या समीकरणात क्षच्या आधी उणे चिन्ह हवं. ते विसरून त्यानं १०क्ष + य = १० लिहिलं, तर आडवं भोक येतं अधिक एक, आणि ते त्याच्या कार्डावर नाहीच; ते शेजारणीच्या कार्डावर! "तुझं भोक माझ्याकडे आलंय," असं भांडण लागलं की समजावं, चिन्हं डोक्यात शिरायला लागली. चारही कार्डं आरंभबिंदूशी जुळवून एका पुठ्ठ्यावर चिकटवली की चार टोकांचा तारा होतो.

मुलग्यांचं काय, असं तुम्ही विचाराल. पहिल्या दिवशी दोघं-तिघं "हे मुलींचं काम" म्हणून हात बांधून बसले होते. मी काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सर्वांत सरळ भोकं कुणाची, अशी त्यांच्यातच चढाओढ लागली.

आता एका मुलीविषयी. तिची आई घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून देते आणि ही शाळेतून गेली की निम्म्या साड्या हिच्याच हातून जातात. पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी तीन मार्क, आलेखाच्या प्रश्नाला शून्य. आलेख कागद कोराच जोडलेला. आई शाळेत आली ती भांडायला नाही, निरोप घ्यायला आल्यासारखी. "बाई, हिचं डोकं नाही गणितात. नववी झाली की बसवते मशीनवर. उगीच फी आणि क्लास कशाला?" असं पुष्कळ घरांतून म्हटलं जातं, आणि मुलगी सुईत हुशार असली तर जरा लवकरच म्हटलं जातं. तिच्या हातातली कला तिच्याच आड येते, याचं मला फार वाईट वाटतं.

मी त्या बाईंना तिचं कार्ड दाखवलं. त्यांनी शिवणाऱ्या बाईसारखंच पाहिलं: आधी उलटं केलं. "मागची बाजू साफ आहे," म्हणाल्या. मग मुलीला विचारलं, "हे मोजलंस कसं?" आणि ती मुलगी, जिनं वर्षभरात माझ्यासमोर एक वाक्य धड पुरं केलं नव्हतं, ती आईला सांगायला लागली, की हा दोरा म्हणजे सात क्ष अधिक चार य बरोबर अठ्ठावीस, य नाही म्हटलं की क्ष चार उरतो, म्हणून चौथं भोक. आईला क्ष कळला की नाही, कोण जाणे. पण ती ऐकत मात्र राहिली.

पुढच्या चाचणीत त्या मुलीला वीसपैकी नऊ मिळाले. आलेखाचे चारही. शाब्दिक उदाहरणं अजून तिला जमत नाहीत. वय काढा, नाणी मोजा असलं आलं की ती थांबते. सुई-दोऱ्याने सगळं गणित येतं असं मी म्हणणार नाही. पण कोरा कागद जोडण्याचं तिनं बंद केलं. आई म्हणाली, "दहावीपर्यंत बघू." सध्या एवढंच ठरलं आहे.

ज्यांना शिवणाचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी वारली चित्रं आहेत. वारली माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. य = २क्ष आणि य = –२क्ष या दोन रेषा आरंभबिंदूत छेदतात; वर य = ४ आणि खाली य = –४ अशा दोन आडव्या रेघांनी त्यांना अडवलं की धड तयार. अक्षांना समांतर रेषांचा धडा त्यातच होऊन जातो. डोकं मात्र हाताने काढावं, गोलाचं समीकरण नववीत नाही. ही चित्रं मूळची वारली घरांतल्या सवाष्णींची, लग्नाचा चौक त्याच भिंतीवर लिहीत. पुढे जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझा अनुभव असा, की वारलीत मुलं रंगवण्यात जास्त रमतात आणि समीकरणं दोन-चारच होतात. सरावासाठी कार्डच बरं. ठिपक्यांच्या रांगोळीचंही तसंच. ठिपके म्हणजे काही आलेख नव्हे. प्रत्येक रेघेला तिचं समीकरण लिहायला लावलं तरच.

परीक्षेपुरती एक सूचना. कार्डावर एक सेंटिमीटर बरोबर एक एकक, हे मुलांच्या हाताला इतकं बसतं की उत्तरपत्रिकेत ती प्रमाण लिहायचंच विसरतात. म्हणून कार्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातही प्रमाण लिहायला लावावं, दोन्ही अक्षांचं. आणि प्रत्येक दोऱ्याशेजारी बारीक अक्षरात त्याचं समीकरण. कार्ड थोडं कमी सुंदर दिसतं. दिसू दे.

संक्रांतीच्या आधी त्या फॉल-बिडिंगवाल्या बाई मला बाजारात भेटल्या. हळदीकुंकवाच्या वाणाला या कार्डांचे पाठ घालून सुयांची पाकिटं करायची त्यांच्या मनात होतं, पण नक्षी जरा दाट हवी होती. "बाई, दहाच्या जागी वीस भोकं घेतली तर जमेल का हो?" मी तोंड उघडायच्या आत मुलगी म्हणाली, "जमेल की. अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरवर पाड. बेरीज एकवीस ठेवायची, बस."